लग्नात घसरून पडलेली मावशी आणि दुखण्याचे पैसे: भरपाई कशी मागतात ते सोप्या भाषेत

2023 च्या मे महिन्यात आमच्याकडचं एक लग्न होतं, मंगल कार्यालयात. पंगत उठली, सगळे एकदम हात धुवायला बेसिनकडे गेले. तिथे खाली गुळगुळीत काळी फरशी, बेसिनचा पाइप गळत होता, त्यात कुणाचा तरी मठ्ठा सांडलेला आणि वरून शंभर माणसांची ये-जा. मावशी तिसऱ्या की चौथ्या पावलाला गेलीच. उजव्या कुशीवर पडली आणि तिला उठताच येईना. वय 58. खुब्याचं हाड मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, अर्धा सांधा बदलला, मग तीन महिने वॉकर.

कार्यालयाचे मॅनेजर पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आले. पेढ्यांचा बॉक्स आणि पंचवीस हजार रुपये घेऊन, म्हणाले माणुसकी म्हणून देतोय, बाकी नशीब ताई, कुणाच्या हातात काही नसतं. सोबत एक टाइप केलेला कागद होता, सही करा म्हणाले. मावशीचे यजमान सही करणार होते, आमच्या घरी वादात पडायची कुणाला सवयच नाही. मी सहज कागद वाचला तर त्यात लिहिलेलं की ही रक्कम सर्व मागण्यांपोटी पूर्ण व अंतिम म्हणून मिळाली, यापुढे कोणताही दावा करणार नाही. सही केली नाही. पुढची दोन वर्षं जे काही शिकले ते सगळं त्या न केलेल्या सहीमुळे, आणि हे इतक्या लोकांच्या घरी घडतं की लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की ऑपरेशनचं बिल मागणं समजू शकतो, पण दुखलं म्हणून पैसे मागायचे म्हणजे काय, ते लोभीपणाचं नाही का वाटत? मावशीलाही तसंच वाटत होतं. पण ही काही नवीन टूम नाहीये, आपल्या कोर्टांनी मान्य केलेला रीतसर हक्क आहे. अपघातात जखमी झालेल्या माणसाला भरपाई देताना कोर्ट दोन कप्पे करतं. एक, ज्याचा हिशोब पावत्यांवर होतो: दवाखाना, औषधं, रिक्षा-अँब्युलन्स, आयाबाईचा पगार, बुडालेली कमाई, पुढे लागणारे उपचार. दुसरा, ज्याची पावती कुठेच मिळत नाही: वेदना, मनाला बसलेला धक्का, आयुष्यातला गेलेला आनंद. मांडी घालून बसता न येणं, नातवाला उचलता न येणं, देवळाच्या पायऱ्या चढता न येणं हे त्या दुसऱ्या कप्प्यात येतं. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये हट्टंगडी विरुद्ध पेस्ट कंट्रोल या केसमध्ये हे दोन कप्पे स्पष्ट सांगितले, आणि 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सगळी यादीच देऊन ठेवली. या दुसऱ्या निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोर्ट म्हणतं की साध्या जखमांच्या केसमध्ये पुढची कमाई, पुढचे उपचार, आयुष्यातल्या सुखांची हानी वगैरे कप्पे सहसा उघडत नाहीत, ते गंभीर केससाठी. पण वेदनेचा कप्पा मात्र साध्या केसमध्येही उघडा असतो. म्हणजे तुमचं मनगट मोडून सहा आठवड्यांत जुळलं तरी त्या सहा आठवड्यांच्या दुखण्याची वेगळी रक्कम मागता येते.

हे दोन्ही निकाल गाड्यांच्या अपघातांचे आहेत, हे खरंय. आपल्याकडे जखमी माणसाच्या भरपाईचा बहुतेक विचार तिथेच झालाय कारण केसेस तिथेच जास्त येतात. पण पाय मोटारीने मोडला काय आणि ओल्या फरशीने मोडला काय, दुखणं मोजायची रीत तीच, वकील लोक हेच निकाल घसरून पडण्याच्या केसमध्येही लावतात.

आता एक गोष्ट आधीच सांगते. पडलात म्हणजे भरपाई मिळालीच असं नसतं. जागेच्या मालकाची चूक दाखवावी लागते. म्हणजे त्या जागेची काळजी घेणं त्याचं काम होतं, ती त्याने घेतली नाही, आणि म्हणूनच तुम्ही पडलात, अशी साखळी जुळवायची असते. मावशीच्या केसमध्ये पाणी दोन मिनिटांपूर्वी सांडलं असतं तर कार्यालय म्हणू शकलं असतं की आम्हाला कळायला वेळच मिळाला नाही, आणि त्यात तथ्य असतं. पण पाइप गळत होता. स्वयंपाकातल्या एका बाईने सांगितलं की तो दिवाळीपासून गळतोय आणि त्याखाली बादली लावायचो, लग्नाच्या दिवशी बादली दिसायला बरी नाही म्हणून काढली. या एका वाक्याने केस उभी राहिली. धोका माहीत होता, उपाय माहीत होता आणि तो मुद्दाम काढून घेतला.

पिवळा बोर्ड लावला म्हणून मालक सुटतो असंही नाही. फरशी ओली आहे असा बोर्ड कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला असेल आणि माणसाला जायला दुसरी वाटच नसेल तर तो बोर्ड काय कामाचा. आणि ते आपल्या जबाबदारीवर वावरावे, व्यवस्थापन जबाबदार नाही वगैरे पाट्या बघून घाबरून जाऊ नका. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या केसमध्ये सांगितलंय की मालकाच्या जोखमीवर असं कुपनावर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. ती केस गाडीची होती, हाडांची नव्हे, पण मुद्दा तोच आहे.

तुमची स्वतःची चूकही मोजली जाते. मोबाइलवर बोलत चालला होता, दोरी लावून बंद केलेल्या भागातून गेला, तर कोर्ट म्हणेल यात तुमचा वाटा 30 टक्के, आणि तेवढी रक्कम कापेल. समोरच्या वकिलांनी मावशीविरुद्ध उंच टाचांचा मुद्दा काढून बघितला. मावशीने त्या दिवशीच्या चपला कॅरीबॅगमध्ये घालून तशाच ठेवल्या होत्या, साध्या सपाट कोल्हापुरी. पण त्यांनी मग कातडी तळव्याचा मुद्दा काढला, चामडं ओल्यावर घसरतंच म्हणे. आमच्या वकीलबाईंनी एवढंच विचारलं की लग्नाच्या कार्यालयात पाहुणे कोणत्या चपला घालून येणार अशी तुमची अपेक्षा होती? ज्या प्रकारचे लोक जिथे येणार हे माहीत आहे तिथे त्यांच्या हिशोबाने काळजी घ्यायची, असा तो मुद्दा. शाळेत लहान मुलं, हॉस्पिटलमध्ये आजारी माणसं, मंगल कार्यालयात नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका.

याच तत्त्वाची सगळ्यात प्रसिद्ध भारतीय केस स्विमिंग पूलची आहे. 1972 च्या ऑगस्टमध्ये क्लाउस मिटेलबाखर्ट नावाचा लुफ्तान्साचा जर्मन को-पायलट दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटलमध्ये उतरला होता, त्याने पूलमध्ये सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं. लकवा झाला, तेरा वर्षं तशीच काढली, 1985 मध्ये तो गेला. दिल्ली हायकोर्टाने 1997 मध्ये निकाल दिला की जितकं महाग हॉटेल तितकी काळजी घेण्याची जबाबदारी मोठी, आणि 50 लाख रुपये भरपाई दिली. निकाल देणारे न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. पण पुढे अपिलात दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द केला, कारण केस चालू असताना माणूस गेला आणि अशी वैयक्तिक इजेची मागणी त्याच्यासोबतच संपते असा तो कायद्याचा मुद्दा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या केसमध्ये, बघू नंतर, आधी बरं होऊ दे असं म्हणत वेळ घालवणं किती महाग पडू शकतं ते यावरून कळतं. दुखणं ज्याचं त्याचं असतं आणि कायदाही ते बऱ्याचदा तसंच धरतो.

मग जायचं कुठे. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण पडलात कुठे यावर दार बदलतं.

हॉटेल, मॉल, थिएटर, खाजगी हॉस्पिटल, जिम, वॉटरपार्क, कार्यालय, म्हणजे जिथे पैसे देऊन सेवा घेतली, तिथे ग्राहक आयोग सगळ्यात सोपं दार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, जुलै 2020 पासून लागू. सेवेत कमतरता होती आणि त्यातून इजा झाली, अशी तक्रार करायची. मुदत दोन वर्षं. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, समोरच्याच्या गावाला जायची गरज नाही. हॉल किंवा रूमसाठी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य, मग मागणी 20 लाखांची का असेना. वकील सक्तीचा नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते.

आमची अडचण वेगळीच होती. मावशीने कार्यालयाला एक रुपयाही दिला नव्हता, ती पाहुणी होती, हॉल नवरीच्या वडिलांनी घेतलेला. कार्यालयाच्या वकिलांनी पहिलंच उत्तर हे दिलं की या बाई आमच्या ग्राहकच नाहीत. पण कायद्यातल्या व्याख्येत सेवा घेणाऱ्याच्या संमतीने जो त्या सेवेचा लाभ घेतो तोही ग्राहक धरलाय, आणि पंगतीला बोलावलेला पाहुणा म्हणजे अगदी हेच. फक्त त्यासाठी हॉलच्या भाड्याची पावती हवी होती, आणि ती नवरीच्या बाबांकडे. मुलीच्या लग्नाच्या कार्यालयावर केस म्हटल्यावर ते बिथरले, शुभकार्याला गालबोट, व्याही काय म्हणतील, सगळं झालं. मावशीने स्वतः फोन केला. म्हणाली, दादा मी तुमच्यावर रागावले नाही, मला जेवण छान वाढलंत, मला फक्त ती पावती द्या. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आली.

मॉलमध्ये नुसतंच फिरायला गेला होता, काही घेतलं नाही, तर मात्र ग्राहक असल्याचं दाखवणं कठीण जातं. तेव्हा दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाचा दावा हा मार्ग. तो लांबचा आणि कोर्ट फी भरावी लागते. म्हणून कॉफीचं का असेना, बिल जपून ठेवा.

रस्त्यावरचा खड्डा, उघडं मॅनहोल, तुटकी फुटपाथची लादी असेल तर महापालिका. 2017 च्या ऑगस्टमधला तो पाऊस आठवत असेल, डॉ. दीपक अमरापूरकर मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आठ वर्षांनी, ऑक्टोबर 2025 मध्ये, मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमी झाल्यास इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवून दिली, त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि सहा ते आठ आठवड्यांत पैसे, नाहीतर 9 टक्के व्याज. यापेक्षा जास्त मागायचं असेल तर दावा लावावा लागतो आणि तिथे एक खाच आहे जी फार लोकांना माहीत नसते: पालिकेच्या कायद्याप्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. मुंबईसाठी 1888 च्या कायद्याचं कलम 527, बाकीच्या महापालिकांसाठी 1949 च्या कायद्याचं कलम 487. प्लॅस्टर निघेपर्यंत थांबलात की निम्मी मुदत गेलेली असते.

एसटीतून उतरताना ड्रायव्हरने बस पुढे काढली आणि पडलात तर तो मोटार अपघात, मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचं, कायद्यात सहा महिने लिहिलेत. लोकलमधून पडलात तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, मुदत एक वर्ष, आणि तिथे रेल्वेची चूक दाखवावीच लागत नाही, चालत्या गाडीतून चुकून पडणं एवढं पुरतं, तुमचाही निष्काळजीपणा होता एवढ्यावरून रेल्वे हात झटकू शकत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रीना देवीच्या केसमध्ये सांगितलंय. पण प्लॅटफॉर्मवर सांडलेल्या पाण्यावर घसरलात तर हे कलम लागत नाही, कारण ते गाडीतून पडणं नाही. आणि कामावर असताना पडलात, समजा हॉटेलच्या किचनमध्ये तेलावरून, तर कामगार भरपाई किंवा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. तिथे पगार, वय आणि अपंगत्वाचा टक्का असं ठरलेलं गणित असतं, वेदनेचा वेगळा कप्पाच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. किचनमध्ये भाजलेल्या पोराला कमी दुखतं असं थोडंच आहे.

आता आकडा. यूट्यूबवर खूप व्हिडिओ आहेत की दवाखान्याच्या बिलाला दीड ते पाचने गुणा आणि तेवढी वेदनेची भरपाई मागा. ते अमेरिकेतल्या विमा कंपन्यांशी घासाघीस करायचं गणित आहे, आपल्या कोर्टात त्याचा उपयोग नाही. आपल्याकडेही गुणक असतो पण तो वेगळ्याच कामाचा, बुडणाऱ्या कमाईसाठी. 2009 च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक दिलेत, 26 ते 30 ला 17, पुढे कमी कमी होत 56 ते 60 ला 9. मावशी पोळी-भाजीचे डबे द्यायची, महिन्याला साधारण 12 हजार सुटायचे. डॉक्टरांचं म्हणणं की तासन् तास ओट्याशी उभं राहणं आता जमणार नाही, कमाईची ताकद 40 टक्के गेली असं धरलं. मग 12 हजार गुणिले 12 महिने गुणिले 9, त्याचे 40 टक्के, म्हणजे 5 लाख 18 हजार 400. डब्यांची कमाई सिद्ध कशी करणार हा प्रश्न होता, तर गिऱ्हाइकांचे यूपीआयवर आलेले पैसे, दर महिन्याच्या एक-दोन तारखेला नऊ नावं, तोच पुरावा.

इथे अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट एक नसते हेही लक्षात घ्या. सर्टिफिकेटवर त्या पायाचं अपंगत्व किती ते लिहिलेलं असतं. राजकुमारच्या निकालात उदाहरण आहे की डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच जात नाही. म्हणजे तुम्ही काय काम करता ते तपशिलात सांगावं लागतं, पोळ्या लाटायला किती वेळ उभं राहायचं तेसुद्धा.

वेदनेला मात्र गणित नाही. कोर्ट बघतं की इजा किती गंभीर, किती ऑपरेशन्स, किती दिवस ॲडमिट, किती महिने प्लॅस्टर किंवा वॉकर, काय कायमचं राहिलं, वय काय, आणि मग योग्य वाटेल ती रक्कम ठरवतं. नोव्हेंबर 2024 मध्ये के. एस. मुरलीधर यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 100 टक्के अपंगत्व आलेल्या माणसाला वेदनेपोटी हायकोर्टाने दिलेले 2 लाख वाढवून 15 लाख केले. तो अगदी टोकाचा प्रसंग, आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराने जगणं. खुब्याच्या फ्रॅक्चरला कुणी 15 लाख देणार नाही. पण एका कप्प्याला दोन कोर्टांनी किती वेगवेगळं मोजलं ते बघा, यावरूनच कळतं की मांडणीला किती महत्त्व आहे.

आणि मांडणीतच आपण कमी पडतो. ग्राहक आयोगाचे मराठीतले आदेश वाचले की एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं: शारीरिक व मानसिक त्रासापोटी रुपये इतके, तक्रारीच्या खर्चापोटी रुपये इतके. रक्कम बऱ्याचदा काही हजारांत. मला आधी राग यायचा, मग तक्रारी वाचल्या तर कळलं की मागणाऱ्यानेही तेवढं एकच वाक्य लिहिलेलं असतं, तक्रारदारास अतोनात त्रास झाला. अतोनात म्हणजे काय ते समोरच्या माणसाला कसं कळणार? बिलं शंभर पानांची जोडलेली, औषधाची 40 रुपयांची पावतीसुद्धा, आणि दुखण्यासाठी एक ओळ.

म्हणून वही. आमच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत हेच सांगितलं, दोनशे पानी वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा, रडगाणं नको, फक्त आज काय करता आलं नाही ते. मावशी सातवी शिकलेली, अक्षर मोठं. 14 जूनचं पान मला पाठ आहे: रात्री कूस बदलता आली नाही. सुनेला तीन वेळा उठवलं. कमोड खुर्ची धुताना तिचं तोंड बघवेना. पुढे जूनच्या शेवटी: आषाढी. पहिल्यांदा वारीच्या दिंडीला चहा दिला नाही. ऑगस्टमध्ये: फिजिओचा मुलगा गुडघा वाकवतो तेव्हा पदर तोंडात धरते. हे कुठल्या डिस्चार्ज कार्डवर येणार होतं?

हॉस्पिटलच्या कागदांकडेही पहिल्याच दिवशी बघा. मावशीच्या केस पेपरवर लिहिलं होतं, घरी पाय घसरून पडल्या. आम्ही कुणीच तसं सांगितलं नव्हतं, घाईत कुणीतरी नेहमीचं वाक्य लिहिलं असणार, किंवा काका गडबडीत काहीतरी बोलले असतील. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं म्हणून अर्ज देऊन दुरुस्त करून घेतलं, डॉक्टरांची तारखेसहित सही. डिस्चार्ज झाल्यावर लक्षात आलं असतं तर तो एक कागद सगळ्या साक्षीदारांना पुरून उरला असता. मेडिक्लेमला बरं पडतं म्हणून कुणी घरी पडलो असं लिहायला सांगितलं तरी ऐकू नका. मेडिक्लेम मिळाला म्हणजे बिल मागता येत नाही ही समजूतही सोडा, मोटार अपघाताच्या दाव्यांत मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये सांगितलंय.

सीसीटीव्हीचं काम त्याच आठवड्यात करायचं, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, पोच घ्या, आणि मेलही करा. त्यांनी नंतर फुटेज नाही म्हटलं तर निदान मागितल्याचा कागद तुमच्याकडे राहतो आणि आयोग त्यावरून काय समजायचं ते समजतो. आमच्या वेळी बेसिनचा कॅमेरा बंद होता म्हणे. पण लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे होतं! पंगत शूट करताना मागे बेसिन, खाली चकाकणारं पाणी, आणि मावशीच्या आधी एक लहान मुलगा तिथेच घसरून सावरताना. मूळ फाइल मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नको, आणि कोर्टात देताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष कायद्यात ते कलम 63 खाली येतं.

नोटीस पाठवली तेव्हा कार्यालयाने उत्तरच दिलं नाही. जानेवारी 2024 मध्ये तक्रार दाखल केली. त्यांना उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15, त्यापुढे आयोगही वाढवून देऊ शकत नाही हे सुप्रीम कोर्टाने पक्कं केलंय, ते चव्वेचाळिसाव्या दिवशी आले. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात तारखा पडतात, मनाची तयारी ठेवा. दरम्यान आयोगाने विचारलं की मध्यस्थीला तयार आहात का. दोन्हीकडून हो म्हटलं तरच ते होतं. मावशी हो म्हणाली, तिला साक्षीच्या पिंजऱ्याची भीती वाटत होती आणि आम्हीही तिला ढकललं नाही. हट्टाने निकाल घ्यावा असं काही जण म्हणाले, पण निकालानंतर समोरचा 45 दिवसांत राज्य आयोगात अपिलात जाऊ शकतो, निम्मी रक्कम भरून का होईना, आणि मावशीचं वय काही मागे जाणार नव्हतं.

मध्यस्थीच्या दुसऱ्या बैठकीत कार्यालयाचे मालक स्वतः आले. बिलाचे पैसे द्यायला तयार होते, दुखण्याचं नाव काढलं की म्हणायचे त्याला आधार काय. मध्यस्थ बाईंनी वही मागितली, मधलं कुठलं तरी पान उघडलं, वाचलं, आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पुढची चार-पाच पानं स्वतःहून उलटली. आकडा लिहीत नाही, तडजोडीत तशी अट आहे. दुखण्यापोटीची रक्कम वेगळी लिहून घेतली आम्ही, वेगळ्या ओळीत. यावेळी पूर्ण व अंतिम असं लिहिलेल्या कागदावर मावशीने सही केली, आधी दोनदा वाचून, आणि चेक हातात आल्यावर.